डावा गाल

रविवारी सकाळी चहाचे कप अजून टेबलावरच होते, तेव्हा आईने सगळ्यांदेखत सांगितलं की तिला बाबांचा एक फोटो हवाय आणि तो आजच हवाय. तेव्हापासून त्या घरात जी पळापळ सुरू झाली, ती दुपार टळेपर्यंत थांबली नाही.

आता तुम्हीच बघा. ज्या घराच्या तळमजल्यावर फोटो स्टुडिओ आहे, ज्या घरच्या माणसाने सगळी हयात लोकांचे फोटो काढण्यात घालवली, त्या घरात त्याच माणसाचा धड एक फोटो नसावा? पण नव्हता. थोरला गृहीत धरून होता की धाकटीच्या मोबाईलमध्ये ढीगभर असतील. धाकटी समजत होती की दादाने स्टुडिओत कधीतरी व्यवस्थित काढून ठेवले असतील. आईने कपाटातले अल्बम खाली घेतले, धाकटीने मोबाईल वरखाली करून करून अंगठा दुखवून घेतला, आणि हाती काय लागलं? एक कोपर. एक पाठ. दारातून बाहेर सटकणारा अर्धा खांदा. बाबांची ही जुनीच खोड. समोर कॅमेरा आला रे आला की ते पटकन बाजूला व्हायचे, आपल्यामुळे कोणाचा फोटो बिघडायला नको म्हणून.

ओळखपत्रावरचा फोटो होता, पण त्यात ते चोरीच्या आळावरून धरून आणल्यासारखे दिसत होते. लग्नातला होता. तो आईने बघितला आणि बाजूला सारला.

"त्या माणसाला मी तेव्हा ओळखतसुद्धा नव्हते," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबांना दवाखान्यात दाखल करायचं होतं. उद्या ऑपरेशन. डाव्या जबड्यातल्या गाठीने हाड पोखरलं होतं. ते हाड काढून तिथे पायातल्या हाडाचा तुकडा बसवणार होते. माणसाला काही होणार नाही, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. चेहरा मात्र हा राहणार नाही, गाल बसेल, ओठ ओढला जाईल, हेही त्यांनी तितक्याच सरळ सांगितलं होतं. सामानाची पिशवी कालच भरून दाराशी ठेवली होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला अडखळत होता.

"खाली चला," थोरला उठलाच. "मी दिवे लावतो, मोठा कॅमेरा लावतो. एकदाच, पण नीट काढू."

"दादा, तुझे दिवे लागेपर्यंत बाबा पार कोपऱ्यावरच्या दुकानात पोचलेले असतील," धाकटी म्हणाली. "त्यापेक्षा हा मोबाईल काय वाईट आहे? बोलता बोलता काढते. त्यांना कळणारही नाही. हसताना येतील."

"मोबाईलवर फोटो निघत नाही. पुरावा निघतो."

"आणि तुझ्या कॅमेऱ्यात? हसरा माणूससुद्धा व्हिसा मागायला आल्यासारखा दिसतो."

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, भल्या सकाळी बसने येऊन थडकली होती आणि अजून तिने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तिने लगेच थोरल्याची बाजू घेतली. "माझ्या भावाचा फोटो काय त्या पाटीवर काढणार? ज्यावर तुम्ही भाजी मागवता, त्यावर? काही नको. मोठ्या कॅमेऱ्यावरच."

"मला मोबाईल बरा वाटतो," वहिनी कप गोळा करता करता म्हणाली.

हे कोणाला अपेक्षित नव्हतं. तिचा संसार त्या स्टुडिओवर चालला होता आणि तिच्या नवऱ्याने उघड मत दिलं होतं. थोरल्याने तिच्याकडे असं बघितलं, की तिने जणू दुकानाचं शटरच विकायला काढलंय. वहिनीने कप उचलले आणि ती आत गेली. तिला तरी दुसरं काय म्हणायचं होतं? शेवटचा फोटो काढल्यासारखं सासऱ्यांना स्टुडिओतल्या त्या स्टुलावर बसवायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

"मला कोणी विचारणार आहे का?" बाबा पेपरच्या आडून म्हणाले. गाठीमुळे त्यांचं तोंड पूर्ण उघडत नव्हतं, शब्द दातांतून गाळून आल्यासारखे यायचे.

"तुम्ही नाही म्हणणार आहात का?" आईने विचारलं.

"छे. मी कुठे नाही म्हणतोय? काढा की." एवढं बोलून ते उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. आदल्या दिवशीचं पाणीही अजून कुंड्यांत जिरलं नव्हतं.

खाली स्टुडिओत थोरल्याने छत्रीचे दिवे ओढले, राखाडी पडदा खाली सोडला, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला. आरशापाशी दोरीला बांधलेला कंगवा होता, तोही त्याने उगाच पुसला. हात कुठेतरी गुंतलेले बरे होते. बाबा कुरकुर न करता खाली आले तेव्हा त्याला हायसं वाटलं. पण ते स्टुलावर बसले नाहीत. ते सरळ कॅमेऱ्याच्या मागे गेले.

"तू बस बघू. उजेड बघतो."

"बाबा, फोटो तुमचा काढायचाय."

"अरे, कळतंय मला. उजेड तर बघू दे."

थोरला बसला. मग आत्या बसली. तिने चपला एकदाच्या काढल्या, त्याही फोटोत पाय येणार नाहीत हे कळल्यावर. मग वरून चौकशीला आलेली धाकटीही बसली. बघता बघता तिघांचेही फोटो निघाले, आणि ज्याचा काढायचा तो आपला काचेला डोळा लावून खुशीत.

"हनुवटी खाली. नजर वर. ताई, तू डावीकडून."

या घरात ज्याची त्याची बाजू ठरलेली होती. गिऱ्हाईक पायरी चढतानाच बाबा त्याची चांगली बाजू हेरायचे आणि वाईट बाजूवर अंधार टाकायचे, यावरच तर दुकान चाललं. घरच्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. आत्या डावी, थोरला उजवा, धाकटी डावी. वहिनी नवी नवी आली तेव्हा त्यांनी तिला बघून 'हिच्या दोन्ही' असा निकाल दिला होता, आणि धाकटीने तो अजून माफ केला नव्हता. आरशात बघायच्या आधी या घरातली माणसं आपली बाजू वळवायची, इतकं ते अंगात मुरलं होतं.

"बाबा, आता पुरे," शेवटी थोरला म्हणाला आणि त्यांना दंडाला धरून बसवलं.

बाबांनी शिकवलं होतं तसंच सगळं त्याने केलं. त्यांना उजवीकडून बसवलं. दिवा उजव्या गालावर आणला, डाव्या बाजूचा विझवला. मग काचेतून बघितलं आणि त्याचा श्वास मोकळा झाला. गाठ अंधारात गेली होती. समोर जुने बाबा बसले होते, आजारपणाआधीचे, गल्लाभर चिल्लर मोजून 'चला, आजचं निघालं' म्हणणारे. इतक्या महिन्यांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"बाबा, हलू नका."

"तो पडदा खाली जरा तिरका झालाय," बाबा म्हणाले, उठले, पडदा सरळ केला आणि तसेच जिना चढून वर गेले.

थोरला कॅमेऱ्यामागे उभा राहिला. राग तर आलाच. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती त्याला आज पहिल्यांदा नीट समजली. संध्याकाळ आता फार लांब नव्हती.

"काढला का?" आत्याने विचारलं.

"काढू देतायत कुठे?"

"लहानपणीही असाच होता. न्हाव्याच्या खुर्चीवरून उतरून पळायचा. अर्धं डोकं कापलेलं."

वर धाकटीने हा धडा बघून वेगळा डाव टाकला. ती बाबांच्या समोर बसली, मोबाईल गुडघ्यावर ठेवला आणि ऑफिसमधल्या तिच्या साहेबाची नक्कल करायला लागली, तो कसा फोनवर हळू बोलतो आणि माणसांवर ओरडतो ते. बाबांना हा साहेब फार आवडायचा. ते हसले, जितकं हसता येत होतं तितकं, आणि तिने पटकन बोट दाबलं.

"मिळाला!"

सगळे जमले. आत्या वाकून बघायला लागली आणि तिथल्या तिथे पक्ष बदलून मोकळी झाली. "अगं बाई, किती छान आलाय. दहा वर्षांनी लहान दिसतोय. मोठा कॅमेरा कशाला हवा मग?"

बाबांनी चष्मा चढवून मोबाईल हातात घेतला. "हा कोण?"

"बाबा, काय हो."

"याला मी कुठेतरी बघितलंय. साबणाच्या जाहिरातीत असेल."

धाकटी हसली, आणि मग तिने फोटो परत बघितला. खरंच, मोबाईलने आपल्या मनाने बाबांचे गाल घासूनपुसून ठेवले होते. सुरकुत्या नाहीत, हनुवटीवरची जुनी खूण नाही, डावीकडची सूजसुद्धा निम्मी झालेली. आपण केव्हापासून ती सूज न बघता बाबांशी बोलतोय, सगळा वेळ त्यांच्या कपाळाकडे बघत, हे तिच्या लक्षात आलं. सूज नसलेला फोटो बघून आपल्याला आत्ता किती आनंद झाला, तेही. तिला स्वतःची लाज वाटली. तिने फोटो पुसून टाकला.

"अगं, का पुसलास?" आत्या कळवळली.

"ते बाबा नव्हते."

"मग आता?"

थोरल्याने परत दिव्यांचा विषय काढला, धाकटी त्याच्यावर खेकसली, तो तिच्यावर. बाबा या गडबडीत गॅलरीत जाऊन बसले.

वहिनी त्यांच्यासाठी कोमट चहा घेऊन गेली. रोजच्यासारखाच, पसरट वाटीत, म्हणजे त्यांना तोंड फारसं उघडावं लागत नसे. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी उन्हात टाकून तिला काठीने झोडत होतं. बाबा ते लक्ष देऊन बघत होते.

"बाबा, रागावणार नसाल तर विचारू? एक फोटो काढू दिलात तर काय बिघडेल? आईंनी जन्मात कधी काही मागितलं नाही."

"म्हणूनच तर पंचाईत झालीय," बाबा म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली. "सूनबाई, तुला सांगतो. बाकीच्यांना नको सांगूस. आज फोटो काढला की उद्यापासून या घरात आम्ही दोघं राहणार. एक तो, फोटोतला. आणि एक मी, वाकड्या तोंडाचा, जेवताना गळणारा. येता-जाता लोक त्याच्याकडे बघणार, मग माझ्याकडे. तोंडाने कोणी काही म्हणणार नाही. पण बघणार. आणि ती तर रोज बघणार."

"आई तसं..."

"माणूस बघतोच गं. फोटो हातात घेतला की लोक आधी काय करतात, मी इतकी वर्षं बघतोय. समोरचं माणूस आणि फोटो, फोटो आणि माणूस. मी त्याच्यापुढे टिकायचो नाही."

वहिनीचे डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून तिने न संपलेली वाटी उचलली. नको सांगूस म्हटलं होतं. पण स्वयंपाकघरात आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती, आणि वहिनीला ते पोटात ठेवता आलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. शब्दही बदलला नाही.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग फडकं नळावर वाळत टाकलं, हात पदराला पुसले आणि ती गॅलरीत गेली. तिच्या चालण्यावरूनच सगळ्यांना कळलं की काहीतरी होणार. थोरला आणि धाकटी भांडण अर्धवट टाकून तिच्या मागोमाग आले.

"अहो," आई म्हणाली, "खाली याने तुम्हाला कुठून बसवलं होतं?"

"उजवीकडून," उत्तर थोरल्यानेच दिलं. "बाबांची बाजू उजवीच."

"उजवा गाल तर राहणारच आहे. तो मी परवाही बघीन, पुढच्या वर्षीही बघीन. जाणार तो डावा. आणि ही दोघं शहाणी सकाळपासून तोच झाकत बसलीयत. एक जण अंधार टाकून, एक जण घासून." ती मुलांकडे वळली नव्हती. ती बाबांशीच बोलत होती. "मी जेवायला तुमच्या डावीकडे बसते. झोपते डावीकडे. रस्त्याने चालते ती डावीकडून, तुम्हाला उजव्या कानाने जास्त ऐकू येत असूनसुद्धा. या घरात दुसऱ्या कोणाला तुमची ती बाजू माहीतच नाही. मला ती हवीय. गाठीसकट हवीय."

थोरला खाली बघायला लागला. सगळं आयुष्य या धंद्यात काढलेल्या बापलेकांना जे सुचलं नाही, ते आई बोलून गेली होती.

बाबांनी वहिनीकडे एक नजर टाकली. "सांगितलंस वाटतं."

"सांगितलं तिने. बरं केलं," आई म्हणाली. "मी तुलना करीन म्हणता? करीन की. फोटो नसला तर करणार नाही असं वाटतं तुम्हाला? उलट फोटो नसला तर मी मनाने एक माणूस तयार करीन. दरवर्षी तो थोडा गोरा होईल, थोडा देखणा होईल, कधी माझ्यावर वैतागणार नाही. त्याच्यापुढे तुमची काय डाळ शिजणार? फोटो असला तर निदान बघता येईल की तुम्ही काही एवढे राजबिंडे नव्हता."

आत्या खुदकन हसली.

बाबा हसले नाहीत. "आणि नाहीच आवडला तुला नवा चेहरा, तर?"

"तर सवय होईपर्यंत आवडणार नाही," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण हा आवडतो मला. हा गाल. मला त्याला नीट बघून घ्यायचंय. इतकंच."

हे असलं काही आईच्या तोंडून त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. थोरला दिव्यांच्या वायरबद्दल काहीतरी पुटपुटला. बाबांनी समोरच्या इमारतीकडे बघितलं. गादी झोडणारा माणूस आत गेला होता.

"खाली नको," शेवटी ते म्हणाले. "इथेच काढा. आणि समोरून."

"समोरून?" थोरल्याला कानांवर विश्वास बसेना. समोरून म्हणजे फक्त ओळखपत्राचे फोटो, असा त्यांचा स्वतःचा दंडक होता.

"समोरून. आणि लवकर, माझं मन फिरायच्या आत."

मोठा कॅमेरा खाली होता, तिकाटण्यावर आवळलेला. तो सोडवून वर आणेपर्यंत बाबांचं मन खरंच फिरलं असतं, हे थोरल्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने धाकटीपुढे हात केला.

"दे तो मोबाईल."

"तू? मोबाईलवर?"

"दे म्हणतो ना." त्याने मोबाईल घेतला, आत कुठेतरी शिरला, दोनचार ठिकाणी बोट लावलं. "हे गाल घासायचं बंद केलं. आणि हे, रंग उजळायचं, तेही बंद."

"तुला हे सगळं येतं?"

"गिऱ्हाइकं येतात ना रोज. हाच फोटो मोठा करून द्या, पण चेहरा आमच्यासारखा दिसू द्या, म्हणतात. शिकलो मग." त्याने मोबाईल तिला परत दिला. "तूच काढ. मी उजेड बघतो."

त्याने गॅलरीतला पडदा पूर्ण बाजूला सारला आणि तारेवर वाळणारे कपडे एका बाजूला लोटले. डाव्या गालावर उजेड आला आणि सगळं दिसायला लागलं, गाठ, तिच्यावर ताणलेली चकचकीत कातडी, दाढी करताना चुकवलेले पांढरे खुंट. थोरल्याने मान फिरवली नाही. बघितलं.

आई बाकावर बाबांच्या डावीकडे बसली. आत्या पुढे होऊन तिचा पदर सारखा करायला लागली, तर वहिनीने आत्यालाच हळूच मागे ओढलं. धाकटीने मोबाईल वर धरला. बाबांनी सवयीने हनुवटी उजवीकडे नेली आणि मग स्वतःच सरळ केली.

"बाबा, छान. आई, इकडे बघ. आई, मोबाईलकडे."

आई बघेना. ती बाबांच्या गालाकडे बघत होती, अगदी जवळून, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून, सुईत दोरा ओवताना बघते तशी.

"आई, अगं इकडे."

"असू दे तिला," बाबा म्हणाले. "काढ तू."

धाकटीने काढला. एकच. खाली रस्त्यावर गाडी येऊन थांबली आणि चालकाने हॉर्न दिला. थोरला पिशवी आणायला आत वळला.

"आई, झाला फोटो," धाकटी म्हणाली. तिने मोबाईल खाली घेतला. "झाला गं."

"तुमचा झाला असेल," आई म्हणाली. तिने नजर काढली नव्हती. "माझं बघून व्हायचंय अजून."